आतली मंडळी

आमच्या डॉक्टरांनी कुणाला ‘कसे आहात?’ असं विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. भेटलेल्या माणसाच्या पोटाकडे बघत ते विचारतात, “काय, आतली मंडळी काय म्हणतायत?”

नवखा माणूस गोंधळतो. आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेले एक मास्तर म्हणाले, “बरी आहे, माहेरी गेलीये.” डॉक्टर म्हणाले, “ती नव्हे हो. पोटातली. जंतू. सकाळी साफ झालं का?” मास्तरांच्या हातात तेव्हा गरम जिलबीचा पुडा होता. तो त्यांनी तसाच मला देऊन टाकला. मी घेतला. मी कशाला सोडू?

तर हे डॉ. प्रभाकर सैंदाणे. डॉक्टर खरे, पण औषध देणारे नव्हेत. गल्लीत कुणाचा कान दुखला, कुणाला ताप भरला, तर यांच्याकडे जाऊन काही उपयोग नाही. ते म्हणणार, “कानाचं मला काही कळत नाही. शौचाला कसं होतं ते सांगा.” जळगावच्या बाहेर एक वैद्यकीय कॉलेज आहे, तिथे ते संशोधन करतात. कशावर करतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा माझ्या हातातली पळी वरणात पडली.

माणसाच्या मोठ्या आतड्यात जंतू राहतात, हे एक. काही माणसांना त्याच आतड्याचा कॅन्सर होतो, हे दुसरं. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, ते डॉक्टर शोधतात. आणि ते शोधायचं तर माणसाचं सकाळी जे बाहेर पडतं ते लागतं. डॉक्टर त्याला ‘नमुना’ म्हणतात. गल्ली डॉक्टरांना नमुना म्हणते.

मला सगळे अक्का म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत माझी खाणावळ आहे. कॉलेजची मुलं, नोकरीवाले, एकटेदुकटे असे सगळे येतात, काहींचे डबे जातात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सुरतेला असते. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणाला धक्का नको. फटकळ नसते तर एवढ्या पुरुषांनी आपापली ताटं उचलली असती का?

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टर पहिल्यांदा जेवायला आले. उंच, काटकुळे, शर्टाचं एक बटण वरचं खाली लागलेलं. बाहेर स्कूटर, आणि स्कूटरला ट्यूबने बांधलेली बर्फाची पेटी. शेवभाजीचा पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि स्वतःशीच म्हणाले, “आता मंडळींची धावपळ होणार.” जेवण झाल्यावर म्हणाले, “अक्का, एक नमुना मिळेल का?” मला वाटलं भाजी आवडली. मी वाटी भरून आणून दिली. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, आणि मी लाटणं हातात घेतलं.

“हे बघा डॉक्टर,” मी म्हटलं, “पोटात काय जातं ते माझ्याकडे, बाहेर काय पडतं ते तुमच्याकडे. आपापलं सांभाळायचं. या घरात पुन्हा नमुन्याचं नाव काढलंत तर दुसरी खाणावळ शोधा.”

ते ‘बरं’ म्हणाले. पण माणूस चिवट. दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात, डोळे खाली घालून एकदा विचारायचेच. “अक्का, यंदा तरी?” मी नुसती लाटण्याकडे बघायची. आणि त्या पेटीवर लाल रंगात ‘खाण्याचे नाही’ असं लिहून घेतलं ते मीच. जेवणाच्या जागेसमोर स्कूटर उभी राहते, लोकांना काय वाटेल?

रात्री गर्दी उठून गेली की डॉक्टर यायचे. बाहेरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते जेवायचे, आणि आत स्वयंपाकघरात पाट टाकून मी. तेव्हाच मला बसायला मिळायचं. मधलं दार उघडं. मला तिथून त्यांचा डावा खांदा आणि अर्धा कान दिसायचा, त्यांना माझं काय दिसायचं कोण जाणे. बोलणं दारातून चालायचं. म्हणजे ते बोलायचे आणि मी ‘हं’ म्हणायची.

“अक्का, तोंडात एक जंतू असतो. दातांच्या फटीत. तिथे आपला गुण्यागोविंदाने राहतो. पण आतड्याच्या गाठीत बघावं तर तिथेही हाच बसलेला! तोंडातला पाहुणा तिथे कसा गेला? आणि त्याने जाऊन गाठ आणली, की गाठ होती म्हणून हा जाऊन बसला? चोर आला म्हणून दार मोडलं, की दार मोडलेलं होतं म्हणून चोर आला?”

“धरा आणि विचारा त्यालाच.”

“तेच तर करतोय,” ते म्हणायचे आणि खुश होऊन आणखी अर्धी भाकरी मागायचे.

त्यांचं एक लाडकं म्हणणं होतं. “माणूस कधी एकटा जेवत नाही, अक्का. आत कोट्यवधी मंडळी पंगतीला बसलेली असते. आपण घास घेतला की तिकडे वाढप सुरू.”

“मग ताटही त्यांनाच घासायला सांगा,” मी म्हणायची. पण एकदा कधीतरी मला वाटून गेलं, की हा माणूस हे इतक्यांदा का सांगतो? ज्याच्या घरात माणसं आहेत त्याला जंतू मोजायची वेळ येत नाही.

लग्न झालं होतं त्यांचं. बायको दोनेक वर्षं राहिली आणि पुण्याला निघून गेली. गल्लीचं म्हणणं असं, की घरात नमुन्यांचा फ्रीझर होता, कोणती बाई राहील? मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, “फ्रीझरचं तिने कधी काही म्हटलं नाही. ती म्हणायची, घरी आल्यावर तरी माझ्याशी बोलत जा. आणि मला वाटायचं मी बोलतोय. रोज बोलत होतो, अक्का. जंतूंबद्दल.” असं म्हणून त्यांनी ताट उचललं आणि बाहेरच्या नळाखाली धरलं. पाणी किती वेळ सोडून ठेवलं होतं, त्यांनाच ठाऊक.

एका मे महिन्यात कॉलेजातली वीज गेली आणि जनरेटरही रुसला. जळगावचा मे, त्याबद्दल मी वेगळं काय सांगू? भर दुपारी डॉक्टर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून माझ्या दारात. “अक्का, फ्रीजमध्ये जागा आहे?”

“ज्यात दही आहे त्या फ्रीजमध्ये?”

“कडेला ठेवतो. झाकणं घट्ट आहेत.”

मी फ्रीजला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आधी मला उचला आणि मग काय ते ठेवा. बिचारे घामाने निथळत होते. शेवटी मीच त्यांना कोपऱ्यावरच्या सलीमभाईच्या रसवंतीवर नेलं. सलीमभाईने काय आहे, कशाला हवंय, काही विचारलं नाही. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या सगळ्या लाद्या रिक्षात चढवल्या आणि उसाचा चरक बंद केला. “डॉक्टरसाब, रस तो कल भी निकलेगा,” म्हणाला. ऐन धंद्याच्या दिवशी! संध्याकाळी डॉक्टर परत आले ते दारातूनच ओरडत, “बठ्ठी मंडळी वाचनी, अक्का! बठ्ठी!” बठ्ठी म्हणजे सगळी. ते मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. एरवी बोलणं कॉलेजातलं, पण फार आनंद झाला किंवा फार लागलं, की आईची अहिराणी बाहेर पडते.

आता त्यांच्या नियमाचं सांगते. आजारी माणसाचा नमुना एकटा कामाचा नसतो. ताडून बघायला एका धडधाकट माणसाचा हवा. पण तो कुठलाही चालत नाही. कारण जसं खाणं तशी आतली मंडळी. आजाऱ्याने ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खायची आणि धडधाकटाने पाव, तर फरक आजाराचा की भाकरीचा, हे कसं कळणार? म्हणून धडधाकट माणूस त्याच चुलीवरचं खाणारा पाहिजे. एका चुलीचे दोन नमुने, ही झाली जोडी. जोडी नसेल तर नमुना बाद. हा नियम डॉक्टरांनीच केला, आणि त्याला ते घोरपडीसारखे चिकटून.

या नियमापायी घराघरांतलं काय काय त्यांना कळायचं! जामनेरचे दोन भाऊ आले होते. घर एक, चुली दोन. थोरला आजारी. त्याच्या बायकोचं नुकतंच कसलंसं औषध चालू होतं, ती बाद. धाकटा म्हणाला, माझा घ्या. डॉक्टर म्हणाले, “तुमची चूल वेगळी, चालणार नाही.” धाकट्याने मान खाजवली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “तसं दुपारचं मी वहिनीकडेच जेवतो.”

“किती वर्षं?”

“वेगळे झालो तेव्हापासून.”

मागे त्याची बायको उभी होती, डबा घेऊन. ती म्हणाली, “आणि मी दुपारी झाकून ठेवते ते कोण खातं?”

“गाय,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी आनंदाने टाळी वाजवली. “चालेल! जोडी पक्की!” समोर एका माणसाचा संसार पेटलाय, याचा त्यांना पत्ताच नाही. पुढे त्या दोन्ही चुली एक झाल्या असं ऐकलं. भांडून भांडून दमल्या असतील.

पण पारोळ्याची एक आजी आली, त्या दिवशी हसण्यासारखं काही झालं नाही. एकटी एसटीने आलेली, नमुन्याची डबी पदरात बांधलेली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण कोण? ती म्हणाली, कोनी नही. मुलगा नाही, सून नाही, नवरा कधीचाच गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं, आजी, उपचार तुमचे व्हायचे तसे होतील, पण हा नमुना मला घेता येणार नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “मी एकली शे म्हनीसन मन्हं दुखनं बी तुम्हले चालस नही का?” डबी पुन्हा पदरात बांधली आणि बसस्टँडकडे गेली.

हे मला त्यांनी रात्री दारातून सांगितलं. नऊ वर्षांत ताट तसंच परत आलं, ते त्या एका दिवशी.

“घ्यायचा होता की हो,” मी म्हटलं.

“हिशेब चुकतो, अक्का.”

“मग चुकू द्या!”

“चुकू देता येत नाही. चुकीचा निघाला तर ज्याच्या पोटात गाठ आहे त्याचं नुकसान.”

मला इतका राग आला, की मी ताकाचा पेला त्यांच्यासमोर आपटला. पण प्यायला लावलं.

यंदाचा मे. मुलं सुट्टीला गावी गेलेली, नोकरीवालेही लग्नसराईत अडकलेले. खाणावळीत येणारे एकटे डॉक्टर. ते आले, आणि माझ्या पोटाकडे न बघता बसले. मंडळींची चौकशी नाही, काही नाही. मी कळण्याची भाकरी वाढली, ठेचा, वर तेल. अर्धी भाकरी तशीच राहिली.

“अक्का, सोमवारपासून माझं ताट मांडू नका. थोडे दिवस.”

“गावाला का?” मी आतून विचारलं.

“धुळ्याला. ऑपरेशन आहे.”

“कुणाचं?”

“माझं.”

नवीन काही तपासणी आली, की ते आधी स्वतःवर करून बघत. ‘तुम्ही नाही का आधी मीठ चाखत?’ असं म्हणायचे. या वेळीही तेच केलं. नमुन्यात रक्त निघालं. मग दुर्बीण घालून पाहिलं, तर मोठ्या आतड्यात गाठ. हे सगळं त्यांनी मला असं सांगितलं, जणू जामनेरचा कुणी आलाय आणि त्याचं सांगतायत. “लवकर सापडलीये. कापून काढली की बहुतेक भागेल.”

तव्यावरची माझी भाकरी करपली. माझी भाकरी करपत नाही.

“सोबत कोण?” मी विचारलं.

“सोबत कशाला? हॉस्पिटलात असतात सगळे.” मग म्हणाले, “एक मात्र वाईट झालं.”

“अजून काय व्हायचं राहिलंय?”

“माझा नमुना बाद. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाठी धुंडाळल्या, आणि घरची मिळाली ती मोजता येत नाही. ऑपरेशनच्या आधी घ्यावा लागतो, पण जोडी कुठून आणू? माझ्या चुलीला कुणी नाही.” आणि हसले. “त्या आजीचं बरोबर होतं, अक्का.”

दुसरी कुणी असती तर रडली असती. मला राग येतो. मी उठले, हातात चिमटा तसाच, आणि दारात जाऊन उभी राहिले.

“काय म्हणालात? परत म्हणा.”

“कुणी नाही म्हटलं. खोलीवर चूलच नाही माझ्या.”

“मग नऊ वर्षं काय वारा खाताय?”

“ती खाणावळ आहे, अक्का. खाणावळीतली माणसं येतात, जातात, दुसरीकडेही खातात. त्यांना एका चुलीची नाही धरता येत. तसा नियम...”

“घाला चुलीत तो नियम! पोरं जातात, मान्य. दिवाळीला खाणावळ बंद असते तेव्हा इथे कोण जेवतं? तुम्ही आणि मी. आखाजीच्या सणाला मी मांडे केले ते कुणी खाल्ले? तुम्ही आणि मी. आत्ता या उन्हाळ्यात कोण आहे इथे? सांगा ना, कोण दिसतंय? तुमच्या ताटात पडतं तेच माझ्या ताटात. एकाच पातेल्यातलं, एकाच वेळी. मध्ये एक दार आहे, आणि ते मी कधी लावलेलं नाही. मोठे संशोधक! पोटातले एवढेसे जंतू दिसतात, आणि दारामागे बसलेली एवढी मोठी बाई दिसत नाही?”

माझा आवाज बहुतेक सलीमभाईच्या रसवंतीपर्यंत गेला असणार. डॉक्टर चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील. पण हा माणूस तसला नाही. त्यांनी खुर्ची सरकवली, ताठ बसले आणि पेशंटला विचारतात तसं विचारायला लागले.

“रात्री तुम्ही हेच खाता? वेगळं काही नाही?”

“मला वेगळं कोण करून घालतंय?”

“सकाळी?”

“रात्रीची भाकरी, दह्याशी. तुमच्याही डब्यात तीच असते.”

“पाणी?”

“नळाचं, उकळलेलं. तुम्हीच डोकं खाल्लंत म्हणून.”

“एवढ्यात काही अँटिबायोटिक?”

“आजारी पडायला वेळ आहे का मला?”

“आणि... सकाळी साफ?”

“डॉक्टर!”

“विचारावं लागतं, अक्का.”

“होतं,” मी म्हटलं. “नियमित.” बासष्टाव्या वर्षी हे एका परपुरुषाला सांगायची वेळ आली माझ्यावर.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. “चालस, अक्का,” ते म्हणाले. “बठ्ठं चालस.” आणि तोंड भिंतीकडे केलं.

“पण तुम्ही नमुना...” थोड्या वेळाने त्यांनी सुरुवात केली.

“आता एक शब्द बोललात तर चिमटा घालीन. डबी तिथे ठेवा आणि डोळे खाली घालून घरी जा.”

पायरीवर ते थांबले. पाठमोरेच म्हणाले, “त्या आजीला मी विचारलं, घरात कोण आहे. भाकरी कुणाकडची खाता, असं विचारलंच नाही मी. कुणालाच विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते एकदाचं केलं. कसं केलं ते सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यानंतर डोक्यावरून न्हाले, साबणाची अख्खी वडी हातांना संपवली आणि त्या दिवशी कुणाला जेवायला घालायचं नाही असं ठरवलं. डबी बर्फात ठेवून लगेच पोचवायची होती. डॉक्टर न्यायला येतो म्हणाले होते, पण माझ्या दारात येऊन त्यांनी ती मागायची आणि मी ती द्यायची, हे काही मला झेपणारं नव्हतं. म्हणून माझ्याच स्टीलच्या डब्यात बर्फ भरून, तो पिशवीत घालून निघाले. बर्फ सलीमभाईकडून.

“अक्का, गरम डब्याला बरफ?” सलीमभाईने विचारलं.

“डॉक्टरांसाठी आहे,” मी म्हटलं.

“अच्छा, श्रीखंड होगा,” म्हणाला तो, आणि आणखी एक ढेप टाकली. पुढे मास्तर भेटले. त्यांनीही पिशवीकडे पाहिलं. “काय अक्का, डॉक्टरांचे लाड? आम्हाला नाही का?” मी म्हटलं, “मास्तर, तुमचा नंबर लागेल तेव्हा बघू.” त्यांनी आनंदाने मान हलवली. तो डबा मी पुन्हा वापरला नाही, म्हणजे वाचणाऱ्याने काळजी करू नये.

सोमवारी खाणावळीच्या दारावर ‘बंद’ अशी पाटी लावली. सण नसताना मी कधी पाटी लावली नव्हती. सकाळच्या एसटीने धुळे गाठलं. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, नाहीतर ‘सोबत कशाला’ म्हणाले असते. हॉस्पिटलच्या बोळात बाकावर बसले. थोड्या वेळाने त्यांना ढकलगाडीवरून आणलं. हिरवा झगा, चष्मा काढलेला, त्यामुळे चेहरा अगदीच उघडा पडलेला. नर्सने वर न बघता विचारलं, “सैंदाण्यांचं कोण आहे?”

झोपल्या झोपल्याच डॉक्टर म्हणाले, “माझं कुणी...”

“मी आहे,” मी बाकावरून उठत म्हटलं.

“कोण तुम्ही त्यांच्या?”

काय सांगायचं? बहीण म्हणावं तर नाही, शेजारीण म्हणावं तर त्यांची खोली दुसऱ्या गल्लीत. “जेवण माझ्याकडे असतं,” मी म्हटलं. नर्सला ते पुरलं. ती म्हणाली, मग इथेच थांबा. डॉक्टरांना चष्म्याशिवाय मी नीट दिसत नव्हते, तरी ते माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवून बघत होते. दार बंद होईपर्यंत बघत होते. मला तेव्हा भीती वाटली. खरंच वाटली. हा माणूस परत आला नाही तर रात्री गर्दी गेल्यावर मी कुणासाठी भाकरी टाकू, असा विचार आला, आणि मी त्या बाकावर पदर तोंडात धरून बसून राहिले.

पण परत आले. गाठ निघाली, पसरलेली नव्हती. पुढे बरेच दिवस मी त्यांना तांदळाची पेज पाजली आणि त्यांनी तोंड वाकडं करून ती प्यायली. एसटीत बसण्याइतकं बळ आल्यावर पहिल्यांदा कुठे गेले असतील, तर पारोळ्याला. आजीचे उपचार होऊन गेले होते, आता तिच्या नमुन्याचा उपयोग नव्हता. तिला शेजारणीकडून रोज भाकरी येते, वर्षानुवर्षं येते, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तिची माफी मागितली. तिने त्यांना त्यातलीच अर्धी खायला घातली. आता ते कुणालाही ‘घरात कोण?’ असं विचारत नाहीत. ‘भाकरी कुणाच्या हातची?’ असं विचारतात.

परवा रात्री, सगळे जेवून गेल्यावर, डॉक्टर आले. कोपऱ्यातल्या टेबलावर ताट मांडलेलं होतं, पण बसले नाहीत. सरळ येऊन मधल्या दारात उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते त्या दारापर्यंत कधी आले नव्हते.

“अक्का, आपला निकाल आला.”

“पास की नापास?”

“जी मंडळी माझ्या आत आहे, त्यातली पुष्कळशी तुमच्याही आत निघाली. नुसती तशी नव्हे, तीच. एका घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांत निघते तशी.”

“मग? एका तव्यावरचं खाऊन दुसरं काय निघणार होतं?”

“तेच म्हणतो. नवल काहीच नाही,” ते म्हणाले. पण तिथून हलेनात. चौकटीवर बोट फिरवत राहिले. “मी मात्र दोनदा ताडून पाहिलं.”

“का? चूक वाटली?”

“नाही. बरं वाटलं, म्हणून.”

मला रडू आलं. कांदा चिरत नव्हते, त्यामुळे खोटं सांगायचीही सोय नव्हती.

“रडताय, अक्का?” ते घाबरून म्हणाले.

“तुमचे जंतू माझ्या पोटात निघाले, मग काय नाचू?”

ते हसायला लागले. टाके पडलेत हे विसरून हसले आणि पोट धरून कळवळले. मी डोळे पुसले, बाहेर गेले, टेबलावरचं त्यांचं ताट उचलून आत आणलं आणि माझ्या पाटासमोर दुसरा पाट टाकला.

“बसा आता,” मी म्हटलं. “मंडळी खोळंबलीयेत.”